गाडी की जहाज, हे थोडे नंतर ठरवा

पत्राचा सारांश: ठाण्याच्या एका वाचक भगिनी 61 वर्षांच्या असून बँकेतून निवृत्त झाल्या आहेत. त्यांचे यजमान 67 वर्षांचे आहेत आणि दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. मुलगा, सून आणि 7 वर्षांची नात सिएटलजवळ राहतात. येत्या उन्हाळ्यात पाचही जणांनी मिळून अलास्काला जायचे ठरले असून मुलाला दोन आठवड्यांची रजा मिळेल. मुलाचा आग्रह असा की सिएटलहूनच मोटरहोम, म्हणजे आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यावे, वाटेल तिथे थांबावे आणि आपले आपण रांधून खावे. यजमानांना क्रूझ हवी आहे, कारण सामान एकदाच उघडायचे आणि जेवण आयते मिळायचे. भगिनींना खरा रानातला निसर्ग, शांतता आणि जमल्यास आकाशातला नॉर्दर्न लाइट्सचा प्रकाश पाहायचा आहे. त्यांना जहाजावरच्या गर्दीचा धसका आहे, बोट लागण्याची भीती आहे, आणि मोटरहोममध्ये स्वयंपाक आपल्याच गळ्यात पडेल अशी शंकाही आहे. दोघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे आणि जून किंवा जुलै महिना मनात आहे. त्यांचा प्रश्न: "आयुष्यात एकदाच जाणे होईल, मग दोन्हींपैकी कशातून जास्त पाहून होईल?"

सप्रेम नमस्कार,

तुमच्या घरातला वाद जहाज आणि मोटरहोम यांच्यातला आहे असे तुम्हा तिघांनाही वाटते आहे, आणि त्यामागे एक गृहीतक आहे. दोन्ही वाहने तुम्हाला एकाच ठिकाणी नेणार, फरक फक्त आरामाचा आणि खर्चाचा, असे तुम्ही धरून चालला आहात. प्रत्यक्षात ही दोन वाहने दोन वेगळ्या अलास्कांमध्ये जातात आणि एकीत दिसणारे बहुतेक काही दुसरीत दिसत नाही. त्यामुळे "कशातून जास्त" या प्रश्नाच्या जागी "कोणती अलास्का" हा प्रश्न आधी घ्यावा, असे मी सुचवेन.

हे राज्य महाराष्ट्राच्या साडेपाच पट मोठे आहे आणि वस्ती साडेसात लाखांच्याही आत आहे. त्याचा आग्नेयेकडचा चिंचोळा पट्टा म्हणजे बेटे, खोल खाड्या आणि थेट समुद्रात उतरणारे डोंगर. तिथे रस्ता काढायला जागाच नाही. केचिकन आणि जुनो ही गावे बाहेरच्या कोणत्याही महामार्गाला जोडलेली नाहीत. जुनो ही तर राज्याची राजधानी, पण तिथे विमानाने किंवा बोटीनेच पोहोचता येते. ही जहाजाची अलास्का. उलट अँकरेज शहर, त्याच्या दक्षिणेचे केनाय द्वीपकल्प आणि उत्तरेला 385 किलोमीटरवर असलेले डेनाली राष्ट्रीय उद्यान ही रस्त्याची अलास्का. कोणतेही जहाज डेनालीच्या जवळपासही जात नाही, आणि तुमच्या मुलाचे मोटरहोम फेरीबोटीवर चढवल्याशिवाय जुनोला पोहोचणार नाही.

जहाजाच्या बाजूने बोलायचे तर ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानातला उपसागर एकटाच पुरेसा आहे. 1794 मध्ये कॅप्टन व्हँकूव्हरच्या मोहिमेने हा किनारा पाहिला तेव्हा आज जिथे उपसागर आहे तिथे बर्फाची भिंत होती आणि किनाऱ्याला फक्त एक छोटी खाच दिसत होती. त्यानंतर बर्फ शंभर किलोमीटरहून अधिक मागे हटला आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेतून आज जहाजे आत जातात. उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज जवळजवळ थांबते आणि हळूहळू स्वतःभोवती फिरते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना ती दिसावी. तिच्या तोंडावरून बर्फाचा कडा सुटतो तेव्हा पाणी उसळलेले आधी दिसते आणि तोफेसारखा आवाज क्षणभराने येतो, त्यामुळे आवाज ऐकून वळणाऱ्याला फक्त लाटा पाहायला मिळतात. हे दृश्य रस्त्याने जाणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. मात्र या उपसागरात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश असतो आणि प्रत्येक क्रूझ तिथे जात नाही. काही हबर्ड हिमनदीकडे किंवा एखाद्या अरुंद खाडीकडे नेतात. त्याही सुंदर आहेत, पण आरक्षणाआधी कार्यक्रमपत्रिकेत नेमके कोणते नाव लिहिले आहे ते वाचावे. "हिमनदी दर्शन" एवढ्यावर समाधान मानू नये.

रस्त्याच्या अलास्काचे बलस्थान वेगळे आहे. अँकरेजहून सुअर्ड या बंदराच्या गावाला जाणारा 204 किलोमीटरचा महामार्ग सुरुवातीला टर्नअगेन आर्म या खाडीच्या कडेकडेने जातो. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला भरती-ओहोटीचे पाणी आणि नशीब असेल तर पांढरे बेलुगा देवमासे. तिथे थांबावेसे वाटले तर थांबता येते, ढग उतरले तर तासभर वाट पाहता येते, आणि मूस, म्हणजे तिथले अवाढव्य हरीण, रस्त्यात उभा राहिला तर त्याची मर्जी होईपर्यंत थांबावेच लागते. जहाजाला घड्याळ असते. बंदरात आठ-दहा तास, मग भोंगा, मग जेवण. तुमच्या मुलाला हे घड्याळ नको आहे, आणि त्याचे म्हणणे मला पूर्ण पटते.

त्याच्या योजनेतला एकच भाग मला अजिबात पटत नाही, तो म्हणजे सिएटलहून निघणे. सिएटल ते अँकरेज हे अंतर कॅनडातून एका बाजूने सुमारे 3,600 किलोमीटर आहे. मोठी, जड गाडी, एकच चालक आणि मागे 7 वर्षांचे मूल असताना जायलाच आठवडा लागेल आणि रजा दोन आठवड्यांचीच आहे; म्हणजे पोहोचल्याच्या दिवशीच परत फिरावे लागेल. 1942 मध्ये युद्धाच्या गरजेपोटी बांधलेला अलास्का महामार्ग हा स्वतःच एक मोठा प्रवास आहे, आणि निवृत्तीनंतर दोन महिने मोकळे असणाऱ्या धडधाकट जोडप्याने तो जरूर करावा. तुमच्या मुलाने मात्र विमानाने अँकरेजला जावे, साडेतीन तासांत पोहोचता येते, आणि गाडी तिथे घ्यावी.

आता व्हिसा. यजमानांची कल्पना अशी दिसते की जहाज सिएटलहून सुटून सिएटललाच परतते, तेव्हा अमेरिकेचा व्हिसा पुरेसा आहे. तसे नाही. अमेरिकेत 1886 चा एक कायदा अजून लागू आहे. परदेशी नोंदणीचे जहाज एका अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन मधल्या परदेशी बंदराला स्पर्श न करता त्यांना परत आणून सोडू शकत नाही. मोठी क्रूझ जहाजे जवळजवळ सगळीच परदेशी नोंदणीची असतात, म्हणून सिएटलची जहाजे वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला, बहुधा एखाद्या संध्याकाळपुरती, थांबतात. भारतीय पारपत्रधारकाला त्यासाठी कॅनडाचा व्हिसा लागतो, बंदरावर उतरायचे नसले तरीही, आणि तो नसेल तर जहाजावर चढण्याआधीच परत पाठवले जाण्याची वेळ येऊ शकते. मुलगा आणि सून एच-वन-बी किंवा तत्सम व्हिसावर असतील तर त्यांनाही हा प्रश्न आहेच, आणि अमेरिकेत परत प्रवेश करताना पारपत्रावरचा शिक्का चालू आहे की संपला आहे हे त्यांनी कंपनीच्या वकिलाकडून आधी तपासून घ्यावे. हे काम आरक्षणाच्या आधीचे आहे.

एकदा कॅनडाचा व्हिसा काढायचाच म्हटल्यावर बोट लागण्याच्या तुमच्या भीतीवर एक चांगला तोडगा आपोआप निघतो. सिएटलची जहाजे सहसा व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या प्रशांत महासागरातून वर जातात. तिथे लाटा असतात. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरातून सुटणारी जहाजे मात्र बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या जलमार्गाने जातात आणि तिथे पाणी बऱ्याचदा तलावासारखे शांत असते. सिएटल ते व्हँकूव्हर हे अंतर अवघे तीन-चार तासांचे आहे. ज्यांना बोट लागते त्यांनी व्हँकूव्हरहून सुटणारे जहाज, मधल्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची खोली हे दोन निकष धरावेत. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोल्या महाग असतात आणि जास्त हलतातही.

नॉर्दर्न लाइट्सबाबत तुम्हाला थोडे निराश करावे लागणार आहे. जूनमध्ये अँकरेजला 19 तासांहून अधिक काळ सूर्य वर असतो आणि उरलेल्या वेळात संधिप्रकाश. आकाश काळे होतच नाही, मग प्रकाश दिसणार कशावर? जुलैतही तेच. त्यात जून-जुलै हा आतल्या भागात डासांचा मोसम, आणि तिथले डास आपल्याकडच्या डासांना लाजवतील असे. मी तुमच्या जागी असते तर ऑगस्टचा उत्तरार्ध धरला असता. तेव्हा रात्र परत येते, डास ओसरतात, सामन मासे नद्यांमध्ये वर चढलेले असतात आणि त्यांच्या मागे अस्वले, डेनालीच्या उघड्या माळावरची झुडपे लाल-पिवळी होऊ लागतात, आणि शेवटच्या आठवड्यापासून निरभ्र रात्री आकाशात हिरवी झाक दिसण्याची शक्यता निर्माण होते. शक्यताच, हमी कुणी देऊ शकत नाही. या निवडीची किंमत पावसात मोजावी लागते. आग्नेय किनारा मुळातच ओला आहे, केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे कोकणाच्या तोडीचा, फक्त तो बाराही महिने वाटून आणि गारठ्यात पडतो. मे-जून त्या मानाने कोरडे, सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत ओले. छत्रीचा तिथे उपयोग नाही. टोपीचे चांगले जलरोधक जॅकेट आणि वरून चढवायची पँट, एवढ्यावर मात्र काटकसर करू नका.

शांततेबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण जहाज म्हणजे गर्दी आणि मोटरहोम म्हणजे एकांत ही तुमची विभागणी अर्धीच खरी आहे. गर्दी आहे, हे नाकारत नाही. 32 हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या जुनोने कंपन्यांशी करार करून 2024 पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली, यावरूनच तिथल्या बंदराची कल्पना यावी. सकाळी दहा वाजता तुम्ही जेट्टीवर उतरलात तर समोर दागिन्यांची दुकाने आणि टोप्या विकणारे दिसतील. पण त्याच जहाजावर पहाटे पाचला, जेव्हा उजाडून गेलेले असते आणि सहप्रवासी आदल्या रात्रीच्या मेजवानीनंतर झोपलेले असतात, तेव्हा वरच्या डेकवर तुम्हाला हवी ती शांतता जवळजवळ फुकट मिळते. उलट जुलैतला एखादा नावाजलेला कॅम्पग्राउंड पाहा: आठ-दहा पावलांवर शेजारची गाडी, तिचा जनरेटर, तिच्यातली मुले आणि तिच्यातला कुत्रा. रात्री दहालाही उजेड असल्याने मुले झोपत नाहीत. दोन्हींपैकी एकही वाहन तुम्हाला रानात नेत नाही, ते रानाच्या दारापर्यंत नेते, आणि पुढचे अर्धा तास चालणे किंवा चार तासांची छोटी बोटसफर हीच खरी भेट असते. म्हणून दर दिवसाला अशी एकच गोष्ट ठरवा आणि बाकीचे सोडून द्या. "आयुष्यात एकदाच" म्हणून सगळे कोंबायला गेलात तर आठवणीत फक्त बॅगा भरणे राहील.

आता स्वयंपाकघर. तुमची शंका तुम्ही जरा संकोचाने, जाता जाता लिहिली आहे, पण मला ती सगळ्यात गंभीर वाटते. मोटरहोम हे घर आहे, आणि घर म्हटले की घरकाम आलेच. फक्त ओटा हातभर असतो आणि जमीन हलते. पाच माणसे, एक शौचालय, दोन शेगड्या. फोडणी टाकली की धूर ओळखणारा गजर डोक्यावर किंचाळतो, मग एक जण टॉवेलने वारा घालतो आणि दुसरा खिडक्या उघडतो. अस्वलांच्या प्रदेशात उष्टेखरकटे बाहेर ठेवता येत नाही, थालीपीठ कितीही खमंग झाले तरी त्याचे ताट बाहेरच्या बाकावर विसरणे तिथे गुन्हा समजले जाते. दर दोन-तीन दिवसांनी टाक्या रिकाम्या कराव्या लागतात. रबरी हातमोजे घालायचे, गाडीखालच्या तोंडाला जाड नळी लावायची, दुसरे टोक जमिनीतल्या सांडपाण्याच्या भोकात घट्ट बसवायचे, आणि आधी शौचालयाची टाकी सोडायची, मग भांडी-आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. क्रम चुकला तर काय होते ते सांगत बसत नाही. हे काम कोण करणार, हे मुलाला आत्ताच विचारा. "बघू तिथे गेल्यावर" असे उत्तर आले तर त्याचा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळेल.

झोपण्याची व्यवस्थाही कागदावर दिसते तितकी सोपी नसते. सहा जणांची गाडी म्हणून जी मिळते तिच्यात एक पलंग मागे, एक चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावर, जिथे शिडीने चढून सरपटत जावे लागते, आणि एक जेवणाचे टेबल रोज रात्री मोडून तयार करायचा. यजमानांना माळा शक्य नाही, टेबलाच्या पलंगावरून गुडघा वाकवून उठणे त्रासाचे आहे, तेव्हा मागचा पलंग तुम्हा दोघांचा. मग रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाने कुणाला ओलांडून जायचे, हे घरात जमिनीवर खडूने आखून पाहिले तरी लक्षात येईल. गाडी कुणी चालवायची हा प्रश्न यजमानांच्या मनात असेल तर तो बाजूला ठेवा. उलट्या बाजूने वाहतूक, सात-आठ मीटर लांबीची गाडी आणि नवा गुडघा हे एकत्र आणू नयेत. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला म्हणून सराव मिळत नाही.

खर्चाचे थोडक्यात. क्रूझचे जाहिरातीतले भाडे आणि प्रत्यक्ष बिल यांत बंदर-कर, दर माणशी दर दिवशी साधारण 15 ते 20 डॉलर सेवाशुल्क, इंटरनेट आणि किनाऱ्यावरच्या सहली एवढे अंतर असते. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरण्यासारखी सहल घेतली तर ती एकटीच काही शे डॉलर माणशी जाते. मोटरहोमचे भाडे दिवसाचे दिसते, पण त्यावर मैलांचा आकार, विमा, अंथरूण-भांड्यांचे वेगळे पैसे, कॅम्पग्राउंडचे शुल्क आणि लिटरला चार किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या गाडीचे इंधन चढते. पाच माणसांत ते वाटले गेले तरी "मोटरहोम स्वस्त" ही समजूत हिशेब मांडल्यावर बऱ्याचदा टिकत नाही. शिवाय डाल्टन हायवे, डेनाली हायवे, मॅकार्थी रोड अशा खडीच्या रस्त्यांवर गाडी नेण्यास अनेक भाडेकंपन्या मनाई करतात. म्हणजे "वाटेल तिथे" हे स्वातंत्र्यही डांबराइतकेच लांब असते.

मग मी काय करा म्हणते? तुमच्या घरासाठी मला दोन्हींचा जोड सर्वांत योग्य वाटतो, पण तुम्ही कल्पिला असेल त्यापेक्षा वेगळ्या मापाचा. 15 ऑगस्टच्या आसपास व्हँकूव्हरहून सुटणारे, ग्लेशियर बे असलेले आणि सात रात्रींनी सुअर्डला संपणारे एकमार्गी जहाज घ्यावे. शेवटच्या टप्प्यात अलास्काच्या आखाताचा एक दिवस-रात्र खुला समुद्र लागतो, त्यासाठी बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून जवळ ठेवावी. त्या सात दिवसांत कुणीही रांधणार नाही, आणि हा मुद्दा यजमानांपेक्षा तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मोठ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी जेवण सहसा मिळते, मात्र कांदा-लसूण वर्ज्य असेल तर आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. खोलीत कुकर, किटली, इस्त्री काहीही चालत नाही, तेव्हा ती हौस ठाण्यातच ठेवा. मेतकूट आणि चटणीची डबी कुणी हिसकावत नाही.

सुअर्डला दोन रात्री हॉटेलात राहावे. गाव लहान आहे, गाडीची गरज नाही. बंदरातून केनाय फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानाची दिवसाची बोट घ्यावी आणि दुसऱ्या दिवशी एक्झिट ग्लेशियर पाहावी; त्या उद्यानाचा रस्त्याने पोहोचता येणारा तेवढाच भाग आहे आणि सुरुवातीची वाट यजमानांच्या गुडघ्याला झेपेल इतकी सपाट आहे. संध्याकाळच्या रेल्वेने अँकरेजला यावे. चार-सव्वाचार तासांचा हा प्रवास काही ठिकाणी रस्त्यापासून दूर, हिमनद्यांच्या जवळून जातो आणि काचेचे मोठे डबे असल्याने नातीला झोप येणार नाही.

इथून पुढे मुलाची पाळी. अँकरेजला त्याने चार दिवसांसाठी मोटरहोम घ्यावे आणि सगळ्यांनी त्यातून डेनालीला जावे, दिवसा खिडकीशी पट्टा लावून बसायला ते झकास वाहन आहे. मात्र रात्री मुलगा, सून आणि नात यांनी उद्यानाच्या रायली क्रीक कॅम्पग्राउंडमध्ये गाडीत झोपावे आणि तुम्ही दोघांनी दोन-तीन किलोमीटरवरच्या हॉटेलांच्या रांगेत खोली घ्यावी. असे केल्याने मुलाची हौस पुरी होते, पाचाची तीन माणसे झाल्याने छोटी गाडी पुरते, आणि स्वयंपाक कुणाचा हा प्रश्न त्या तिघांचा होतो. तुम्ही संध्याकाळी पाहुण्यासारख्या जेवायला जा. सूनबाईंना हे मान्य आहे का, हे मात्र त्यांना स्वतंत्रपणे विचारा. तुमच्या पत्रात सगळ्यांची मते आहेत, त्यांचे नाही.

डेनालीत खासगी गाडी उद्यानातल्या रस्त्यावर पहिल्या 15 मैलांपर्यंतच जाते, पुढे उद्यानाच्या बसने जावे लागते. 2021 मधल्या भूस्खलनाने 92 मैलांचा हा रस्ता जवळजवळ मध्यावर, 43व्या मैलाच्या पुढे तुटला आणि तिथे पूल बांधण्याचे काम हाती घेतले गेले. बस कुठवर जाते हे आरक्षण करताना उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहावे. 43व्या मैलापर्यंतही अस्वले, कॅरिबू (रानटी रेनडिअर) आणि रंगलेला माळ दिसतो. 6,190 मीटर उंचीचा डेनाली पर्वत मात्र बहुतेक वेळ ढगांत असतो, येणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनाच तो दिसतो असे तिथे सांगतात. म्हणूनच तिथे एकाऐवजी तीन रात्री ठेवा.

ही योजना खिशाला जड वाटली तर जहाज वगळा, मोटरहोम वगळू नका. चकित झालात? सात रात्रींचे पाच जणांचे जहाज हा सर्वांत मोठा खर्च आहे, आणि अँकरेज, सुअर्ड, डेनाली एवढ्यात केनाय फ्योर्ड्सच्या बोटीवरून समुद्रात उतरणारी हिमनदीही दिसते. तेवढ्याने कॅनडाच्या व्हिसाचा प्रश्नही मिटतो. फक्त तसे असेल तर मोटरहोमऐवजी साधी सात आसनी गाडी आणि केबिन घेण्याचा पर्यायही मुलासमोर ठेवा, हिशेब मांडून. आणि तो पाचही जणांनी मोटरहोममध्येच झोपायचे यावर अडून बसला तर तुम्ही पोहोचल्यावर सिएटलजवळ, ऑलिंपिक द्वीपकल्पावर, दोन रात्रींसाठी ती गाडी घ्यायला सांगा. दोन पावसाळी रात्रींत पाचही जणांची मते पक्की होतात, तीही अलास्काच्या तुलनेत फारच कमी पैशांत.

असाच प्रश्न इतर काही वाचकांनीही विचारला आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मुंबई-पुण्याच्या सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी जहाजाचे नाव, सुटण्याचे बंदर, ग्लेशियर बे आहे की नाही आणि सेवाशुल्क भाड्यात धरले आहे की नाही, हे चार मुद्दे लेखी घ्यावेत. तरुण, मोजके सामान असलेल्या आणि गर्दी टाळू पाहणाऱ्यांनी राज्य सरकारची अलास्का मरीन हायवे ही फेरीसेवा पाहावी. ती 1963 पासून चालू आहे, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून सुटते, गाडीही चढवता येते आणि काही जण चक्क डेकवर तंबू ठोकून झोपतात. तिथे मनोरंजनाचे कार्यक्रम नाहीत, पण खिडकीतला देखावा तोच आहे.

राहिला विमा. तुम्हा दोघांना अमेरिकेत कोणतेही सरकारी आरोग्य संरक्षण नाही, जहाजावरच्या दवाखान्याचे बिल स्वतंत्र येते, आणि आग्नेय अलास्कातून गंभीर रुग्णाला विमानाने सिएटल किंवा अँकरेजला हलवावे लागते. तेव्हा प्रवास विमा घेताना रुग्णाला हवाईमार्गे हलवण्याचा खर्च त्यात आहे का, आणि यजमानांची शस्त्रक्रिया व रक्तदाबासारखे जुने आजार त्यातून वगळले आहेत का, ही दोन कलमे स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. क्रम असा ठेवा: या महिन्यात कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज, मुलाने वकिलाला विचारणे आणि नातीच्या शाळेची तारीख, मग जहाज, तेही ठरावीक दिवसांपर्यंत पूर्ण पैसे परत मिळतील अशा अटीवर, त्यानंतर डेनालीतली खोली आणि कॅम्पग्राउंड, कारण उन्हाळ्यातल्या जागा तिथे सर्वांत आधी संपतात, आणि व्हिसा हातात आल्यावरच विमानाची तिकिटे.